यूएनचा सामाजिक हक्कांचा करार नाशिकच्या रेशन दुकानापर्यंत कसा आणायचा

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो, की भारताने यूएनच्या करारावर सही केलीय त्यामुळे अन्न, घर, शाळा, दवाखाना हे सगळं प्रत्येकाला मिळालंच पाहिजे आणि नाही मिळालं तर थेट यूएनला तक्रार करा. अर्धं खरं, अर्धं हवेतलं. तो मेसेज घेऊन तुम्ही तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलात तर समोरचा क्लार्क फार तर बसा म्हणेल, धान्य काही देणार नाही. दुसऱ्या बाजूला अशीही मंडळी आहेत, त्यात वकीलसुद्धा आले, जी म्हणतात की करार-बिरार सगळं जिनिव्हातलं, इथे त्याचा काय उपयोग. हे पण चूकच.

माझं म्हणणं सरळ आहे. अर्ज टिकतो तो इथल्या कायद्यावर आणि जीआरवर. पण कुठल्या हक्कासाठी कुठला कायदा आलाय, त्यात भोक कुठे राहिलंय आणि सरकार मागे कुठे सरकतंय हे करार वाचल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणून अर्ज करताना खालून वर जायचं आणि समजून घेताना वरून खाली यायचं, या लेखात दोन्ही करूया, उदाहरणं नाशिक जिल्ह्यातली घेतो.

आधी करार कोणता ते

नाव लांबलचक आहे, आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. यूएनच्या आमसभेने १६ डिसेंबर १९६६ ला मंजूर केला, ३ जानेवारी १९७६ ला लागू झाला, आणि भारत त्यात सामील झाला १० एप्रिल १९७९ ला. कामाची कलमं ६ ते १५. सहाव्यात काम मिळण्याचा हक्क, सातव्यात मजुरी आणि कामाच्या अटी, आठव्यात युनियन, नवव्यात सामाजिक सुरक्षा, दहाव्यात कुटुंब आणि बाळंतपण, अकराव्यात अन्न, कपडा आणि घर, बाराव्यात आरोग्य, तेराव्या-चौदाव्यात शिक्षण, पंधराव्यात संस्कृती आणि विज्ञान. एकदा बसून वाचलात तर तासाभराच्या आत होतो, घाबरण्यासारखं काही नाहीये.

सगळी गोम मात्र कलम २ मध्ये आहे. त्यात म्हटलंय की देशाने हातात असलेल्या साधनांचा जास्तीत जास्त वापर करून हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करायचे. आता हे "टप्प्याटप्प्याने" म्हटलं की सरकारी बाजूला हायसं वाटतं, कारण कुठल्याही प्रश्नाला "होईल हळूहळू" हे उत्तर तयार. पण या करारावर लक्ष ठेवणारी १८ जणांची एक समिती जिनिव्हात आहे, तिने १९९० मध्येच तिसऱ्या जनरल कमेंटमध्ये (कराराचा अर्थ कसा लावायचा हे सांगणारं समितीचं टिपण) स्पष्ट केलं की काही गोष्टींना वाट बघायची सवलत नाही. भेदभाव करायचा नाही, तो आजपासून. पावलं उचलायला सुरुवात करायची, तीही लगेच. प्रत्येक हक्काचा किमान गाभा तरी द्यायचा, म्हणजे माणसं उपाशी नाही राहिली पाहिजेत. आणि जे एकदा दिलंय ते मुद्दाम काढून घ्यायचं असेल तर त्याला भक्कम कारण दाखवावं लागेल. या चार गोष्टी कुठेतरी लिहून ठेवा, पुढे लागतील.

दिल्लीतली सही सुरगाण्यापर्यंत कशी येते

काही देशांत करार स्वीकारला की तो आपोआप तिथला कायदा होतो आणि कोर्टात थेट चालतो. आपल्याकडे तसं नाहीये. भारतात करार करणं हे केंद्र सरकारचं काम, पण तो लोकांना लागू व्हायचा तर संसदेला वेगळा कायदा करावा लागतो, आणि त्यासाठी घटनेचा अनुच्छेद २५३ आहे, ज्यात विषय राज्याच्या यादीतला असला तरी करार अमलात आणायला संसद कायदा करू शकते. म्हणजे बघा, धरणात पाणी भरपूर आहे म्हणून तुमच्या वावरात ओल येत नाही, कालवा पाहिजे, चारी पाहिजे, आणि चारीवरचं गेट उघडणारा माणूस पाहिजे. करार धरणात आहे. कायदा कालवा, जीआर चारी, आणि गेटवर बसलाय तो तलाठी, पुरवठा निरीक्षक, मुख्याध्यापक नाहीतर वॉर्ड ऑफिसर.

कोर्टाने हे दोन टप्प्यांत सांगितलंय. जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी म्हटलं की करार आपोआप इथला कायदा होत नाही, पण आपला कायदा वाचताना तो समोर ठेवायचा. मग १९९७ चा विशाखा निकाल, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा. तेव्हा इथे त्यावर कायदाच नव्हता, म्हणून सुप्रीम कोर्टाने महिलांविरुद्धच्या भेदभावाच्या कराराचा आधार घेतला आणि म्हटलं की इथल्या कायद्याशी भांडण होत नसेल आणि जागा रिकामी असेल तर करार मूलभूत हक्कांच्या आत वाचता येतो. हे दोन निकाल मिळून नियम असा झाला: कायदा आहे तिथे कायदा, कायदा मोघम आहे तिथे कराराच्या उजेडात अर्थ लावायचा, कायदाच नाही तिथे करार थोडा पुढे रेटता येतो.

अजून एक, सही दिल्लीची आहे, दवाखाने-पाणी राज्याचं नाहीतर महानगरपालिकेचं, मग आमचा काय संबंध असं कोणी म्हणालं तर कराराचं कलम २८ दाखवा. त्यात सांगितलंय की संघराज्य असलेल्या देशात करार सगळ्या भागांना लागू, कुठलीही सूट नाही.

पायरी १: भारताने काय राखून ठेवलंय ते बघून घ्या

सामील होताना भारताने काही निवेदनं जोडली. त्यात कलम ४ आणि ८ हे घटनेच्या अनुच्छेद १९ शी जुळवून लागू करू, आणि ७ मधला बढतीतल्या समान संधीचा भाग अनुच्छेद १६(४) शी, म्हणजे आरक्षणाशी जुळवून, असं म्हटलंय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण कलम ८ मध्ये संपाचा हक्क आहे आणि तो कराराच्या जोरावर मागायला गेलात तर हे निवेदन पुढे येणार. युनियनच्या भांडणात इथला कामगार कायदाच धरून चाला.

दुसरं म्हणजे या कराराला २००८ मध्ये एक पूरक करार जोडला गेला, २०१३ पासून लागू झाला, त्यात एकट्या माणसाला समितीकडे तक्रार करायची सोय आहे. भारत त्यात नाहीये. त्यामुळे "माझं रेशन बंद झालं" अशी केस तुम्ही त्या समितीपुढे लावूच शकत नाही. व्हॉट्सॲपवाला मेसेज इथे साफ आपटतो.

पायरी २: हक्काला इथला कायदा जोडा

अन्नासाठी २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. शिक्षणासाठी अनुच्छेद २१क आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. पोट भरण्यासाठी रस्त्यावर धंदा करणाऱ्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा. कामाच्या हक्कात तर महाराष्ट्र पुढेच होता, रोजगार हमीचा आपला कायदा १९७७ चा, भारत करारात यायच्या आधीचा, त्याची सुरुवात १९७२ च्या दुष्काळातल्या कामांमधून झाली. आरोग्याला असा एक अख्खा कायदा नाहीये, तुकडे तुकडे आहेत, त्यातला एक भरपूर उपयोगाचा आणि तितकाच कमी माहीत असलेला: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१कक. ट्रस्टच्या नावावर चालणाऱ्या मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. पेशंट ॲडमिट करतानाच विचारा, आणि नाही म्हणाले तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयाकडे त्याच दिवशी लेखी द्या, डिस्चार्जच्या वेळी बिलावरून भांडून उपयोग होत नाही.

घराचं प्रकरण सगळ्यात कच्चं. घराचा हक्क देणारा कायदा नाही, फक्त कोर्टाचे निकाल आहेत. ओल्गा टेलिस, १९८५, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांची केस, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग असं त्यात आलं. चमेली सिंग, १९९६, त्यात तर सुप्रीम कोर्टाने निवाऱ्याबद्दल बोलताना याच कराराच्या कलम ११ चा उल्लेख केलाय. तेव्हा झोपडी पाडण्याच्या नोटिशीला उत्तर देताना करार लिहायला हरकत नाही, तिथे तो कामाला येतो.

पायरी ३: एक हक्क धरून शेवटपर्यंत जा (आपण रेशन घेऊ)

इथे जरा थांबून बघू कारण पूर्ण साखळी रेशनमध्येच सगळ्यात स्वच्छ दिसते. करार १९७९, कलम ११, भुकेपासून मुक्तीचा हक्क. मग २००१ मध्ये पीयूसीएल या संघटनेची सुप्रीम कोर्टातली याचिका, गोदामं धान्याने भरलेली आणि माणसं उपाशी, हा मुद्दा. त्यात २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश आला, शाळेत शिजवलेलं जेवण द्या वगैरे, आणि योजना होत्या त्या हक्क झाल्या. आणि २०१३ ला कायदा. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ठरवली ती गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार.

आता दिंडोरीतल्या एखाद्या द्राक्षबागेवर चला. ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या टोळ्या खाली उतरतात, दिंडोरी आणि निफाडच्या बागांमध्ये महिनोन् महिने राहतात. कार्ड गावचं, माणूस इथे. दुकानात काय संवाद होतो तो असा:

"भाऊ, धान्य घ्यायचंय."
"मावशी, कार्ड कुठलं?"
"सुरगाण्याचं."
"मग तिकडूनच घ्या ना, तुमचा कोटा तिकडे पडतो."

इथेच बहुतेक जण माघारी फिरतात. खरं म्हणजे कार्ड कुठलंही असो, कुठल्याही रास्तभाव दुकानातून धान्य मिळतं, एक देश एक रेशन कार्ड ही योजना हीच, आणि स्थलांतरित मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २९ जून २०२१ ला सगळ्या राज्यांना ३१ जुलैपर्यंत ती लागू करायला सांगितलं होतं. म्हातारी माणसं गावी राहिली असतील तर सगळं धान्य इथे उचलायची पण गरज नाही, थोडं इथे थोडं तिकडे असं घेता येतं, हे तर खूप जणांना माहीतच नाही. दुकानदाराला म्हणायचं की मशीनमध्ये आमच्या कार्डाचा बारा अंकी नंबर टाकून बघा. कार्ड उघडलं तर तो नाही म्हणू शकत नाही. मशीनमध्ये कार्ड दिसतंय आणि तरी "माल कमी आलाय" असं उत्तर आलं तर ते वेगळं भांडण आहे, तिथे दुकानाचा नंबर, तारीख आणि वेळ टिपून घ्या, दुकानाबाहेरच्या बोर्डाचा फोटो काढा.

आता थंब, म्हणजे मशीनवरचा बोटाचा ठसा. छाटणी, डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवणं), कांद्याची निवड करणाऱ्या बायांच्या बोटांवर रेषाच राहत नाहीत, मशीन लाल दिवा दाखवतं आणि दुकानदार "पुढचा" म्हणून हाक मारतो. आधी दुसरी बोटं लावून बघा, हात धुऊन पुसून, मग कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी थंब लावा, कार्डावर नाव असलेल्या कोणाचाही चालतो. तरी नाही झालं तर केंद्राच्या अन्न खात्याचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र आहे, आधारची पडताळणी झाली नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये आणि अशी नावं वेगळ्या रजिस्टरवर घ्यावीत असं त्यात सांगितलंय. झारखंडमध्ये त्या सुमारास भूकबळीच्या तक्रारी गाजल्या, त्यानंतरचं ते पत्र. प्रिंट काढून पिशवीत ठेवा.

आणि तिसरी भिंत, जी सगळ्यात उंच आहे: "इष्टांक संपला". इष्टांक म्हणजे किती माणसांना हे धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, आणि पुरवठा शाखेत नवीन नाव लावायला गेलात की हे वाक्य हमखास ऐकू येतं. महाराष्ट्राला या कायद्याखाली ७ कोटी १६ हजार माणसांची मर्यादा आहे आणि ती अजून २०११ च्या जनगणनेवर चाललीय. त्यानंतर लग्न झालेल्या, जन्मलेल्या, गाव सोडून पंचवटी-सिडकोत आलेल्या माणसांसाठी जागा तेव्हाच होते जेव्हा दुसरं कोणाचं नाव कमी होतं. करार वाचलेला माणूस इथे बरोबर ओळखतो की हा क्लार्कचा दोष नाहीये, हे टप्प्याटप्प्याने या शब्दाआड लपलेलं धोरण आहे, कारण लोकसंख्या वाढली आणि आकडा गोठला तर टप्पा पुढे जात नाही, मागे येतो. याचं उत्तर तहसीलला मिळणार नाही, ते वरच्या पायऱ्यांवर मागायचं. पण तुमचा अर्ज आजच्या तारखेला आवक करून घ्या, प्रतीक्षा यादीतला क्रमांक लेखी मागा, आणि अपात्र नावं कमी झाली की यादीतून क्रमाने नावं लागतात का यावर डोळा ठेवा.

तक्रार करायची कुठे? आधी १९६७ ही हेल्पलाइन, तक्रार क्रमांक घ्या. तिथे काही झालं नाही तर कायद्याच्या कलम १५ खालचा जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. हे पद बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, लोक पुरवठा अधिकाऱ्याकडेच चकरा मारत राहतात. अर्ज साधा ठेवा:

प्रति,
मा. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी (अन्न सुरक्षा),
जिल्हाधिकारी कार्यालय, नाशिक.
विषय: शिधापत्रिका क्र. … वरील … महिन्याचे धान्य नाकारल्याबाबत, राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३, कलम १५ अन्वये तक्रार.
महोदय, मी मूळ रा. … ता. सुरगाणा, सध्या मजुरीसाठी मु. … ता. दिंडोरी येथे राहते. आमच्या प्राधान्य कुटुंब कार्डावर ५ व्यक्ती असून दरमहा २५ किलो धान्य देय आहे. दि. … रोजी दुकान क्र. … येथे गेले असता कार्ड दुसऱ्या तालुक्याचे असल्याचे सांगून धान्य देण्यात आले नाही. हेल्पलाइनवरील तक्रार क्र. … . तरी देय धान्य मिळावे, न मिळाल्यास कलम ८ नुसार अन्न सुरक्षा भत्ता मिळावा व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.

बघा, यात कराराचा एक शब्द नाहीये, आणि मुद्दाम नाहीये. कलम ८ मात्र विसरू नका, धान्य दिलं नाही तर रोख भत्ता देणं कायद्यातच आहे आणि तो मागणारे फार कमी. दोन प्रती करा, एकीवर आवक-जावकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का नाही तर अर्ज केलाच नाही असं समजा, मग रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. निकाल पटला नाही तर अपील राज्य अन्न आयोगाकडे. अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा एखाद्या कर्मचाऱ्याने विनाकारण दिला नाही तर कलम ३३ खाली ५ हजारापर्यंत दंडाची तरतूद आहे.

पायरी ४: कागद बाहेर काढा

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राचा नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. म्हणून निबंध लिहू नका. "तालुक्याचा मंजूर इष्टांक किती, आज रोजी लाभार्थी किती, मागच्या वर्षभरात किती नावे वगळली, किती नवीन लावली, प्रतीक्षा यादीची प्रत द्यावी" एवढं पुरतं. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, त्याचं खंडपीठ नाशिकलाच आहे.

सेवा हक्क कायदा २०१५ वेगळा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला असल्या अधिसूचित सेवांना मुदत असते, ती उलटली तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार दंड. सामाजिक हक्कांच्या निम्म्या केसेस उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतात, त्यामुळे हा कायदा दिसायला किरकोळ पण खरा उपयोगी.

सरकार मागे सरकतंय हे ओळखायचं कसं

याचं ताजं उदाहरण आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं. खासगी विनाअनुदानित शाळेत पहिलीला २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. नाशिक शहरात महापालिकेची शाळा एक किलोमीटरमध्ये नाही असा भाग शोधून काढावा लागेल, म्हणजे जागा जवळपास संपल्याच. मुंबई हायकोर्टाने ६ मे ला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला नियम रद्दच केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही.

कराराच्या भाषेत हे मुद्दाम मागे जाणंच, कलम १३ च्या विरुद्ध. पण नियम पडला तो कराराने नाही, आरटीई कायदा आणि अनुच्छेद २१क च्या विरोधात आहे म्हणून पडला. संसदेचा कायदा हातात होता म्हणून राज्याचा नियम पाडता आला. घराच्या बाबतीत असा कायदा नाही, म्हणून तिथे इतकी सोपी जीत मिळत नाही.

फेरीवाल्यांचंही थोडं. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट यांची कामं चाललीत आणि अशा वेळी हातगाड्या पहिल्या उचलल्या जातात. पथविक्रेता कायद्याचं कलम ३(३): सर्वे पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जात नाहीत तोवर कोणाला हटवायचं नाही. कलम १८: हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस. आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे निवडून आलेले पाहिजेत, त्यातल्या एक तृतीयांश बाया. गाडी उचलायला आले तर वाद घालत बसण्यापेक्षा पंचनाम्याची प्रत मागा, मालाची यादी करून घ्या, नाशवंत माल त्याच दिवशी परत मागता येतो.

पायरी ५: मानवाधिकार आयोग, जिथे करार पहिल्यांदा नाव घेऊन लिहायचा

मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३. त्याच्या व्याख्येच्या कलम २ मध्ये मानवी हक्क म्हणजे घटनेने दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांमध्ये असलेले आणि भारतातल्या कोर्टांत बजावता येणारे हक्क असं आहे, आणि आंतरराष्ट्रीय करार म्हणजे कोणते त्यात आपला हा करार नावानिशी आहे. म्हणून इथे "करार कलम ११ सह घटना अनुच्छेद २१" असं लिहा, नुसतं कलम ११ नको, कारण कोर्टात बजावता येण्याची अट आहे. राज्य आयोग मुंबईला, सीएसएमटीसमोर. मराठीत अर्ज चालतो, फी नाही, वकील नको. घटना घडून एक वर्ष झालं की आयोग हात लावत नाही, ही तारीख चुकवू नका. आयोग हुकूम देत नाही, शिफारस करतो, नुकसानभरपाईची सुद्धा, पण त्याची नोटीस कलेक्टर ऑफिसला आली की फाईल हलते हे मात्र खरं.

पायरी ६: हायकोर्ट

नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतं. अनुच्छेद २२६ ची याचिका. कोर्टाचा पहिला प्रश्न असतो की आधी काय केलंत, आणि म्हणूनच वरचे सगळे शिक्के, तक्रार क्रमांक आणि माहिती अधिकाराची उत्तरं. करार याचिकेत शेवटी येऊ द्या: आधी तथ्य, मग कायदा, मग अनुच्छेद १४ आणि २१, मग विशाखाचा आधार घेऊन करार आणि समितीच्या जनरल कमेंट. अन्नाला १२ नंबरची, घर पाडण्याला ७, आरोग्याला १४, पाण्याला १५. सुरुवातच कराराने केलेली याचिका भाषणासारखी वाटते.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा कोर्टाच्या आवारात, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत. फोन १५१००.

आणि जिनिव्हा

देशाने दर काही वर्षांनी समितीला रिपोर्ट द्यायचा असतो. भारताची या करारावरची तपासणी मे २००८ मध्ये झाली, पुढचा रिपोर्ट २०११ ला द्यायचा होता, तो वर्षानुवर्षं लांबला. त्यामुळे या दारावर बसून राहण्यात अर्थ नाही. दुसरं दार म्हणजे सगळ्या देशांचा आळीपाळीने होणारा मानवी हक्क आढावा, भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि नोव्हेंबर २०२२ ला झाला. त्यात संघटनांना थोडक्यात लेखी म्हणणं देता येतं. चार-पाच तालुक्यांची माहिती अधिकारातली आकडेवारी एकत्र करून एखाद्या राज्य पातळीवरच्या संघटनेमार्फत पाठवली तर ती आत जाते, एकट्या गावाचं पत्र मात्र तिथे फारसं कोणी वाचत नाही.

तिसरं, यूएनचे विशेष प्रतिनिधी, अन्नाचे वेगळे, घराचे वेगळे, पाण्याचे वेगळे. घराच्या तेव्हाच्या प्रतिनिधी लेलानी फर्हा एप्रिल २०१६ मध्ये भारतात येऊन गेल्या, पाण्याचे तेव्हाचे प्रतिनिधी लिओ हेलर २०१७ मध्ये. यांना तक्रार पाठवायला पूरक करार लागत नाही आणि इथली कोर्टं संपवायची अट पण नाही. ते सरकारला पत्र लिहून विचारतात, सरकारला साधारण ६० दिवस देतात, मग पत्र वेबसाइटवर जाहीर होतं. हुकूम नाही निघत. ऑनलाइन फॉर्म आहे, इंग्लिश, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये भरायचा, कोण, कुठे, कधी, काय झालं, कोणी केलं, इथे कुठे तक्रार दिली, एवढं मुद्देसूद.

त्या फॉर्ममध्ये पीडित माणसाची संमती विचारतात, नाव सरकारला कळवायचं का आणि जाहीर रिपोर्टमध्ये छापायचं का, हे दोन वेगळे प्रश्न. ज्या बाईची तक्रार आहे ती बागेवर मजुरीला आहे, बागाईतदार आणि दुकानदार एकाच गावचे आहेत, तेव्हा हे दोन्ही प्रश्न तिच्या भाषेत तिला विचारून, तिच्यासमोरच भरा, आणि ती नको म्हणाली तर दोन्हीकडे नाही लिहा, तक्रार तरीही पाठवता येते.